टीबीच्या गोळ्यांसोबत तांदूळ आणि डाळ का द्यायला हवी? अन्न असुरक्षितता आणि आरोग्याचा संबंध समजून घ्या

टीबीचं निदान सरकारी दवाखान्यात मोफत होतं. औषधंही मोफत मिळतात. नियमित गोळ्या घेतल्या तर साधारण सहा महिन्यांत हा आजार बरा होतो. तरीही जगातले सर्वाधिक टीबी रुग्ण भारतात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी टीबी होणाऱ्या चार जणांपैकी जवळपास एक जण भारतातला असतो.

औषध आहे आणि ते फुकटही आहे, मग आजार हटत का नाही? याची कारणं अनेक आहेत. उशिरा होणारं निदान, दाटीवाटीची घरं, अर्धवट सोडलेले उपचार, मधुमेह, तंबाखू आणि दारू. पण या यादीतलं एक मोठं कारण दवाखान्यात सापडत नाही, ते स्वयंपाकघरात सापडतं. ते म्हणजे पुरेसं आणि सकस अन्न न मिळणं.

थोडक्यात मुद्दे

• पोट भरणं आणि शरीराला लागेल ते मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अन्न असुरक्षिततेत दोन्ही येतात.
• कमी वजनाच्या माणसाला टीबी होण्याचा आणि टीबीने दगावण्याचा धोका जास्त असतो.
• झारखंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात रुग्णाच्या घरच्यांना दरमहा तांदूळ-डाळ दिल्यावर त्यांच्यातला नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला.
• सरकार टीबी रुग्णाला पोषणासाठी दरमहा १,००० रुपये देतं. ही मदत वेळेवर पोहोचते का आणि घरातल्या बाकीच्यांचं काय, हे प्रश्न मात्र उरतात.

अन्न असुरक्षितता म्हणजे नक्की काय?

'भूक' म्हटलं की डोळ्यांसमोर दुष्काळ येतो. अन्न असुरक्षितता ही त्याहून मोठी आणि बऱ्याचदा न दिसणारी गोष्ट आहे. १९९६ साली रोममध्ये झालेल्या जागतिक अन्न परिषदेत अन्नसुरक्षेची व्याख्या ठरली. सर्व लोकांना, सर्व काळ, पुरेसं, सुरक्षित आणि पोषक अन्न मिळवता येणं, असा तिचा सारांश आहे. ती चार गोष्टींवर उभी आहे. अन्न उपलब्ध असणं, ते विकत घेण्याची किंवा मिळवण्याची ऐपत असणं, खाल्लेलं अन्न शरीराला लागणं आणि हे सगळं वर्षभर टिकून राहणं.

यातली एक गोष्ट ढासळली तरी घर असुरक्षित होतं. दुकानात डाळ आहे, पण ती घेण्याची ऐपत नाही. धान्य आहे, पण मूल सतत जुलाबाने आजारी असल्यामुळे खाल्लेलं अंगाला लागत नाही. सुगीत ताट भरलेलं असतं आणि पावसाळ्यात काम नसलं की घरात फक्त भात आणि मीठ-मिरची उरते.

संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना हे मोजायला आठ प्रश्न विचारते. गेल्या बारा महिन्यांत पैशांअभावी अन्न संपेल अशी काळजी वाटली का? तेच तेच खावं लागलं का? एखादं जेवण टाळावं लागलं का? दिवसभर उपाशी राहावं लागलं का? प्रश्न साधे आहेत, पण त्यातून पायऱ्या समजतात. माणूस आधी काळजी करतो, मग ताटातलं दूध, अंडी, डाळ आणि भाजी कमी करतो, मग घास कमी करतो आणि सगळ्यात शेवटी जेवण टाळतो. म्हणजे उपासमार दिसायला लागण्याच्या कितीतरी आधी शरीराची झीज सुरू झालेली असते.

भारतातलं चित्र राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) दिसतं. देशात १५ ते ४९ वयाच्या सुमारे १८.७ टक्के स्त्रिया आणि १६.२ टक्के पुरुष कमी वजनाचे आहेत. महाराष्ट्रात कमी वजनाच्या स्त्रियांचं प्रमाण २०.८ टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा जास्त आहे. राज्यातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत. ही आकडेवारी एका श्रीमंत समजल्या जाणाऱ्या राज्याची आहे.

कमी खाल्ल्याने टीबी होतो का?

टीबी जंतूमुळे होतो, उपाशी राहिल्याने नाही. पण जंतू शरीरात शिरणं आणि आजार होणं यात मोठं अंतर असतं.

टीबीचा जंतू हवेतून पसरतो. देशात झालेल्या राष्ट्रीय टीबी सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांमध्ये या जंतूचा संसर्ग आढळला. यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही. शरीरातल्या रोगप्रतिकारक पेशी जंतूभोवती जणू तटबंदी उभारतात आणि त्याला तिथेच डांबून ठेवतात. संसर्ग झालेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांना पुढे कधीतरी आजार होतो.

ही तटबंदी सांभाळायला शरीराला प्रथिनं, ऊर्जा, जीवनसत्त्वं आणि जस्त, लोह यांसारखी खनिजं लागतात. आहार सतत कमी पडला की पहारा ढिला होतो आणि आत दबून बसलेला जंतू डोकं वर काढतो. मधुमेह, एचआयव्ही, दारू आणि धूम्रपान यांचाही असाच परिणाम होतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना टीबीच्या पाच प्रमुख धोक्यांमध्ये या चौघांबरोबर कुपोषणालाही धरते.

हा धोका बीएमआयवरून मोजता येतो. वजनाला (किलो) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. तो १८.५ पेक्षा कमी असेल तर माणूस कमी वजनाचा समजला जातो. १६० सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी ही सीमा साधारण ४७ किलोवर येते. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र पाहिल्यावर असं दिसलं की बीएमआय एका अंकाने वाढला की टीबी होण्याचं प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी घटतं.

टीबी झाल्यावर चक्र उलटं फिरायला लागतं. ताप आणि खोकल्याने भूक मरते. शरीर स्नायू जाळून ऊर्जा काढतं. अंगात ताकद नसल्यामुळे कामावर जाता येत नाही. रोजंदारीवरचा माणूस घरी बसला की घरातली चूल मंदावते. मग त्याच घरातली, तीच हवा श्वासात घेणारी बायको-मुलं कमी खायला लागतात. जंतू त्यांच्याही शरीरात पोहोचलेला असण्याची शक्यता असते. एका माणसाचा आजार अशा रीतीने घराचा आजार होतो.

हे जुन्या लोकांना माहीत होतं

मराठीत टीबीला 'क्षय' म्हणतात. क्षय म्हणजे झीज. आजाराचं नावच त्याच्या सगळ्यात ठळक लक्षणावरून पडलं आहे.

टीबीवर औषध नव्हतं तेव्हा सॅनेटोरियम हाच उपाय होता. मोकळी हवा, विश्रांती आणि दूध, अंडी, लोणी असा भरपूर आहार. महाराष्ट्रात मिरजेचं सॅनेटोरियम यासाठी प्रसिद्ध होतं.

युद्धाच्या काळात आहार आणि टीबी यांचं नातं जास्त स्पष्टपणे समोर आलं. पहिल्या महायुद्धात डेन्मार्क तटस्थ होता, पण तिथलं मांस आणि दूधदुभतं मोठ्या प्रमाणावर निर्यात होत होतं. तेव्हा तिथले टीबीचे मृत्यू वाढले. पुढे नाकेबंदीमुळे निर्यात थांबली आणि ते अन्न देशातच खाल्लं जाऊ लागलं. युद्ध चालू असतानाही डेन्मार्कमधले टीबीचे मृत्यू घटले.

दुसऱ्या महायुद्धातलं उदाहरण आणखी बोलकं आहे. जर्मनीतल्या एका युद्धकैदी छावणीत ब्रिटिश आणि रशियन कैदी होते. ब्रिटिश कैद्यांना छावणीच्या जेवणाशिवाय रेडक्रॉसची अन्नाची पाकिटं मिळत होती, रशियनांना मिळत नव्हती. ब्रिटिश कैद्यांमध्ये टीबीचं प्रमाण १.२ टक्के निघालं, तर रशियन कैद्यांमध्ये १५ ते १९ टक्के. हे निरीक्षण १९४६ साली प्रसिद्ध झालं.

मग आहाराचा विसर का पडला?

याचं एक कारण भारतातच सापडतं. १९५६ साली मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, टीबीच्या औषधोपचारांवर संशोधन करणारं केंद्र सुरू झालं. तिथे एका अभ्यासात काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं आणि काहींना घरी राहूनच औषधं दिली. घरी राहणारे गरीब होते. त्यांचा आहार हलका होता आणि विश्रांतीही कमी मिळत होती. वर्षभराच्या उपचारानंतर दोन्ही गटांचे निकाल जवळपास सारखे आले.

हा निकाल क्रांतिकारक होता. टीबीसाठी महिनोन्‌महिने दवाखान्यात राहायची गरज नाही, हे त्यातून जगाला कळलं. सॅनेटोरियमचा काळ संपायला त्याने मोठी मदत केली. कोट्यवधी गरिबांना घरी राहून उपचार घेता आले.

पण त्याचा एक अर्थ गरजेपेक्षा जास्त ताणला गेला. 'औषध चांगलं असेल तर आहाराने फरक पडत नाही' असं मानलं जाऊ लागलं. खरं तर तो अभ्यास उपचार कुठे घ्यावेत याबद्दल होता. अतिशय खंगलेल्या रुग्णाचं काय होतं, किंवा घरातल्या इतरांना टीबी होण्यापासून अन्न वाचवू शकतं का, हे प्रश्न त्याने सोडवलेच नव्हते. पुढची काही दशकं टीबी कार्यक्रमात गोळ्यांचा हिशोब ठेवला गेला, ताटाचा राहिला.

झारखंडमध्ये काय केलं गेलं?

२०१९ साली झारखंडच्या चार जिल्ह्यांत या प्रश्नाचं उत्तर शोधायचं ठरलं. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची चेन्नईतली क्षयरोग संशोधन संस्था आणि राष्ट्रीय टीबी कार्यक्रम यांच्यासोबत हा अभ्यास केला. मद्रासचा तो जुना अभ्यास ज्या केंद्रात झाला, त्याचंच आजचं रूप म्हणजे ही संस्था. अभ्यासाचं नाव होतं 'रेशन्स'.

यात फुप्फुसाचा टीबी असलेले २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातले १०,३४५ लोक होते. घरच्यांपैकी जवळपास दोनतृतीयांश संथाळ, हो, मुंडा, उरांव, भूमिज अशा आदिवासी समाजांतले होते. टीबी नसलेल्या या घरच्यांपैकीही ३४ टक्के जण कुपोषित होते.

रुग्णांची अवस्था आकड्यांतूनच समजते. पुरुष रुग्णांचं सरासरी वजन ४२.६ किलो आणि स्त्रियांचं ३६.१ किलो होतं. दहापैकी आठ रुग्ण कमी वजनाचे होते.

सगळ्या रुग्णांना औषधांबरोबर दरमहा शिधा दिला गेला. त्यात तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या होत्या. यातून रोज साधारण १,२०० कॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिनं मिळत होती.

घरच्यांचे मात्र दोन गट केले. एका गटात घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसामागे दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. म्हणजे रोजच्या जेवणात साधारण ७५० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिनांची भर पडली. दुसऱ्या गटात फक्त रुग्णाला शिधा मिळाला, घरच्यांना वेगळा मिळाला नाही. मग २०२२ पर्यंत कोणाला टीबी होतो यावर लक्ष ठेवलं गेलं.

निकाल काय आला?

ऑगस्ट २०२३ मध्ये निकाल 'लॅन्सेट' आणि 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले.

शिधा न मिळालेल्या ४,७२४ घरच्यांपैकी १२२ जणांना टीबी झाला, म्हणजे हजारी सुमारे २६ जणांना. शिधा मिळालेल्या ५,६२१ जणांपैकी ९६ जणांना झाला, म्हणजे हजारी सुमारे १७ जणांना. किती काळ लक्ष ठेवलं तो हिशोब धरून ही घट ३९ टक्के निघाली. इतरांना लागण करू शकणाऱ्या फुप्फुसाच्या टीबीतली घट ४८ टक्के होती.

'३९ टक्के' ऐकायला मोठं वाटतं आणि 'हजारी नऊ' ऐकायला लहान. दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे आहेत. संशोधकांच्या हिशोबाने टीबीचा एक नवा रुग्ण टाळण्यासाठी सुमारे ३० घरांना शिधा द्यावा लागतो. टळलेला प्रत्येक रुग्ण म्हणजे सहा महिन्यांचा उपचार, बुडालेली मजुरी आणि त्याच्यापासून इतरांना होणारी लागण टळणं, हे लक्षात घेतलं तर हा सौदा महाग वाटत नाही.

रुग्णांच्या बाबतीत वजनाची गोष्ट महत्त्वाची ठरली. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं, त्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. ४२ किलोच्या माणसासाठी ५ टक्के म्हणजे जेमतेम दोन किलो.

इथे एक सावधगिरी हवी. रुग्णांमध्ये 'शिधा नाही' असा गट ठेवलेलाच नव्हता. इतक्या खंगलेल्या माणसांना मुद्दाम अन्नाविना ठेवणं योग्य ठरलं नसतं. त्यामुळे वजन वाढलं म्हणूनच मृत्यू टळला, असं या एका अभ्यासावरून शंभर टक्के म्हणता येत नाही. ज्यांची तब्येत मुळात सुधारत होती त्यांचंच वजन वाढलं, असंही काही प्रमाणात असू शकतं. घरच्यांबद्दलचा निष्कर्ष मात्र दोन गटांच्या थेट तुलनेवर आधारलेला आहे, म्हणून तो जास्त भक्कम आहे.

आणखी एक आकडा विसरता येत नाही. सहा महिने औषध आणि शिधा मिळूनही निम्म्याहून जास्त रुग्ण कमी वजनाचेच राहिले. वर्षानुवर्षांची झीज सहा महिन्यांत भरून निघत नाही.

रेशन मिळतं, मग कमी काय पडतं?

देशात राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ पासून आहे. सुमारे ८१ कोटी लोकांना त्याखाली धान्य देण्याची तरतूद आहे, महाराष्ट्रात ही मर्यादा सुमारे ७ कोटी आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला कार्डामागे ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे.

५ किलो तांदूळ म्हणजे रोजचे साधारण १६५ ग्रॅम. त्यातून सुमारे ५७५ कॅलरी आणि १२-१३ ग्रॅम प्रथिनं मिळतात. उपासमार रोखायला हा मोठा आधार आहे. पण अंगमेहनतीचं काम करणाऱ्या माणसाला रोज दोन हजारांहून जास्त कॅलरी लागतात, आणि प्रथिनं तर धान्याने भागतच नाहीत. झारखंडच्या शिध्यात आणि रेशनच्या धान्यात तांदूळ सारखाच होता. फरक होता तो दीड किलो डाळीचा आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा. शिवाय तो शिधा नेहमीच्या रेशनऐवजी दिलेला नव्हता, वरून दिलेला होता.

दुसरी अडचण यादीची आहे. किती लोकांना धान्य द्यायचं याची मर्यादा २०११ च्या जनगणनेवर ठरली. २०२१ ची जनगणना लांबली. लोकसंख्या वाढली, पण मर्यादा तीच राहिली. त्यामुळे नव्याने लग्न होऊन आलेली सून, जन्मलेलं मूल किंवा विभक्त झालेलं कुटुंब यांची नावं चढायला अडचण येते.

तिसरी अडचण स्थलांतराची. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं किंवा पालघर, नंदुरबारमधून वीटभट्टीवर आणि बांधकामावर जाणारी कुटुंबं वर्षातले कित्येक महिने गावाबाहेर असतात. 'एक देश एक रेशनकार्ड' योजनेमुळे आता कुठल्याही रेशन दुकानात अंगठा देऊन धान्य उचलता येतं. पण फडावरून किंवा भट्टीवरून दुकान लांब असेल किंवा अंगठा उमटला नाही, तर कागदावरचा हक्क ताटात पडत नाही. अशा ठिकाणी टीबीचा उपचार तुटण्याची भीतीही जास्त असते.

टीबी रुग्णांना सरकारकडून काय मिळतं?

निक्षय पोषण योजना: एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाली. आधी दरमहा ५०० रुपये मिळत होते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रक्कम १,००० रुपये झाली आहे. सहा महिन्यांच्या उपचारासाठी ३,००० रुपयांचे दोन हप्ते थेट बँक खात्यात जमा होतात. पहिला हप्ता उपचाराच्या सुरुवातीलाच मिळायला हवा.

निक्षय मित्र: सप्टेंबर २०२२ पासून कोणीही व्यक्ती, संस्था किंवा कंपनी टीबी रुग्णाला दत्तक घेऊन दरमहा शिधा देऊ शकते. पुढे यात रुग्णाच्या घरच्यांचाही समावेश झाला. झारखंडच्या अभ्यासाचा धडा इथे धोरणात उतरलेला दिसतो. मात्र ही मदत देणगीदारांवर अवलंबून आहे. देणगीदार शहरांजवळ आणि कारखान्यांजवळ सहज सापडतात, डोंगरातल्या पाड्यांसाठी ते शोधावे लागतात.

अतिरिक्त पोषक आहार: ज्यांचा बीएमआय १८.५ पेक्षा कमी आहे, त्यांना उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत जास्त ऊर्जा देणारा पूरक आहार देण्याची तरतूद आहे.

पैसे द्यावेत की शिधा?

यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पैशांच्या बाजूने असं म्हटलं जातं की घराला काय हवं ते घर ठरवू शकतं, साठवण आणि वाहतुकीचा खर्च वाचतो आणि धान्याच्या दर्जाची तक्रार राहत नाही. विरोधी बाजू अशी, की बँक खातं नसेल, बंद पडलं असेल किंवा आधारशी जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात. आणि आलेले पैसे आधी दुकानदाराची उधारी, घरभाडं किंवा दवाखान्याला जाण्याचं भाडं यात जाऊ शकतात. त्यात त्या घराची चूक काढता येत नाही.

टीबीत वेळेला फार महत्त्व आहे. मृत्यूचा धोका पहिल्या दोन महिन्यांत सर्वाधिक असतो. चौथ्या महिन्यात जमा झालेले पैसे पहिल्या महिन्यातली भूक भागवू शकत नाहीत. त्यामुळे मदत कोणत्या रूपात द्यायची यापेक्षा ती कधी पोहोचते, हा मुद्दा जास्त महत्त्वाचा ठरतो.

तमिळनाडूने वेगळं काय केलं?

तमिळनाडूने २०२२ मध्ये टीबीचे मृत्यू रोखण्यासाठी एक सोपी पद्धत सुरू केली. निदान झाल्याबरोबर प्रत्येक रुग्णाच्या काही साध्या तपासण्या होतात. वजन आणि उंची, पायांवर सूज आहे का, श्वासाचा वेग किती, रक्तातला ऑक्सिजन किती, आधाराशिवाय उभं राहता येतं का. यासाठी वजनकाटा, मोजपट्टी आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर पुरतं. ज्यांची अवस्था गंभीर निघते त्यांना लगेच रुग्णालयात दाखल करून औषधांबरोबर उपचारात्मक आहार दिला जातो.

इथे कुपोषण ही रुग्णाची सामाजिक माहिती म्हणून नोंदली जात नाही. ताप किंवा कमी झालेला ऑक्सिजन यांच्यासारखंच ते धोक्याचं चिन्ह मानलं जातं आणि त्यावर त्याच दिवशी उपचार सुरू होतो.

हे फक्त टीबीपुरतं आहे का?

नाही. अन्न असुरक्षितता अनेक आजारांमागे उभी असते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. अशा आईचं बाळ कमी वजनाचं जन्मण्याची शक्यता वाढते. कुपोषित मुलाला न्यूमोनिया आणि जुलाब लवकर गाठतात आणि तेच आजार त्याला आणखी खंगवतात.

याची दुसरी बाजूही आहे. पैसे कमी असले की पोट भरण्यासाठी सगळ्यात स्वस्त ते घेतलं जातं. भात, मैद्याचे पदार्थ, साखर, तेलकट वडापाव किंवा बिस्किटं. यातून पोट भरतं, वजनही वाढू शकतं, पण प्रथिनं आणि जीवनसत्त्वं मिळत नाहीत. मधुमेह असलेल्या माणसाला अशा आहारात साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं. आणि मधुमेहाने टीबीचा धोका पुन्हा वाढतो. अन्न असुरक्षित घरातला माणूस हडकुळाच असेल असं नाही.

म्हणूनच अंगणवाडीतला आहार, शाळेतली खिचडी आणि अंडी, आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना ताजं जेवण देणारी अमृत आहार योजना आणि रेशन दुकान या सगळ्यांचा विचार आरोग्य खात्याच्या कामासोबत करावा लागतो. कागदोपत्री ही खाती वेगवेगळी असली, तरी त्यांचं काम पोहोचतं एकाच घरात.

घरात किंवा ओळखीत टीबीचा रुग्ण असेल तर

• दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम किंवा वजन घटणं यांपैकी काहीही असेल तर तपासणी करून घ्यावी. सरकारी केंद्रात ती मोफत आहे.
• खासगी डॉक्टरकडे उपचार चालू असले तरी 'निक्षय' मध्ये नोंद झाली आहे का ते विचारावं. नोंद असेल तरच पोषणाचे पैसे मिळतात.
• बँक खातं चालू आहे आणि आधारशी जोडलेलं आहे का ते पहिल्याच आठवड्यात पाहावं. अडचण असेल तर आशाताई, आरोग्य केंद्र किंवा १८००-११-६६६६ या मोफत क्रमांकावर विचारता येतं.
• निदानाच्या दिवशी वजन करावं आणि दर महिन्याला पुन्हा करावं. दोन महिन्यांत वजन वाढलं नाही किंवा घटलं तर डॉक्टरांना लगेच सांगावं.
• महागड्या प्रोटीन पावडरची गरज नसते. डाळ, मटकी, कुळीथ, शेंगदाणे, दूध, अंडी, सुकट किंवा मासे, घरात जे खाल्लं जातं आणि परवडतं ते वाढवावं. भूक कमी असेल तर थोडं थोडं, पण जास्त वेळा द्यावं. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आहार डॉक्टरांना विचारून ठरवावा.
• आहार औषधाची जागा घेत नाही. वजन वाढलं, बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच बंद करू नयेत.
• घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्यावी. टीबी नसेल त्यांना प्रतिबंधक औषध देता येतं का तेही विचारावं. आणि रुग्णासाठी काढून ठेवताना बाकीच्यांच्या ताटातलं कमी होत नाही ना, याकडे लक्ष ठेवावं.

पुढे काय?

भारताने २०२५ पर्यंत टीबी संपवण्याचं ध्येय ठेवलं होतं. ते गाठता आलं नाही, पण प्रगती झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ मध्ये दर लाख लोकसंख्येमागे २३७ नवे रुग्ण होते, २०२४ मध्ये ते १८७ वर आले. नवी तपासणी यंत्रं, चांगली औषधं आणि घरोघरी शोधमोहिमा यांचा त्यात वाटा आहे.

उरलेलं अंतर कापायचं तर एक निर्णय बाकी आहे. रुग्णाच्या घरच्यांचा शिधा देणगीदार मिळेल तिथे द्यायचा, की गोळ्यांसारखाच तो प्रत्येक घराचा हक्क मानायचा आणि त्यासाठी अर्थसंकल्पात पैसे ठेवायचे? टीबी झालेलं घर कोणतं हे सरकारला माहीत असतं. त्याची नोंद निक्षयमध्ये असते, जवळचं रेशन दुकान ठरलेलं असतं आणि काय द्यायचं याची यादीही आता हातात आहे. माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ.